दीड टन तितिक्षा

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी एसीचे मिस्तरी जागा बघायला आले, तेव्हा माझे कान अजून रंगलेलेच होते. साठीला टेकलेल्या माणसाने शनी चौकातल्या रहाडीत, रंगाच्या त्या हौदात, उडी मारायची नसते, पण हे नाशिककराला कोण सांगणार? मिस्तरींनी माझ्या कानांकडे पाहिलं, हसले, चपला जिन्यात काढून आत आले. आधी चारी भिंतींवर तळहात टेकवून पाहिला. पश्चिमेच्या भिंतीवर हात जरा जास्त रेंगाळला. मग छताकडे मान वर करून म्हणाले, "वर गच्चीच ना?"

"गच्चीच."

"मग दीड टन, गुरुजी. एकात भागणार नाही."

मी तीर्थोपाध्याय. आमच्यात याला धंदा म्हणत नाहीत, वृत्ती म्हणतात. पण वीजवाल्यांना मीटर घरगुती की व्यापारी एवढंच कळतं, तिथे वृत्तीचा रकाना नसतो. पंचवटीत रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. पूर्वी वाडा होता. १९९८ साली तो पडला नाही, आम्हीच पाडला. भावाभावांत वाटण्या झाल्या, बिल्डर आला, आणि जिथे चौकात तुळस होती तिथे आता पार्किंग आहे. वाड्याच्या भिंती दोन हात जाड होत्या. उन्हाळा यायचा तो ओसरीपर्यंत, फार तर पडवीत टेकायचा. माजघरात त्याला मज्जाव होता. तिसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये मात्र तो थेट देवघरापर्यंत येतो आणि रात्री साडेअकराला निघतो. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर हळूहळू आपली उष्णता खाली सोडत बसतो, जसा एखादा पाहुणा जेवण झाल्यावर गोष्टी सांगत बसावा.

ज्या खोलीसाठी एसी हवा होता, ती माझी निजायची खोली नव्हे. ती नामावळ्यांची खोली. यजमान अस्थी घेऊन आला, श्राद्धाला आला, पर्वणीला आला की त्याचं गाव, कूळ, बापाचं-आजोबाचं नाव वहीत लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अशी बाडं भिंतभर आहेत. जुनी मोडीत, लांबट, शाई तपकिरी पडलेली. कुणी ठाण्याहून येतो, कुणी न्यू जर्सीहून, आणि पणजोबाची सही बघून काही क्षण बोलतच नाही. २००८ च्या पुरापर्यंत ही बाडं तळमजल्यावर होती. त्या रात्री नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली दिसेनासा झाला तेव्हा आम्ही घरचे सगळे हातोहात त्या वह्या जिन्याने वर नेत होतो. तेव्हापासून त्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. पाण्यापासून वाचवल्या आणि उन्हाच्या हवाली केल्या.

याच खोलीत यजमान बसतात, याच खोलीत श्राद्धाचा संकल्प होतो. त्याआधीच्या वैशाखात मुंबईहून आलेले एक सत्तरीचे गृहस्थ, पत्नीचं वर्षश्राद्ध करत होते. पिंडावर हात तसाच ठेवून ते एका अंगाला कलंडले. पाणी शिंपडलं, कांदा हुंगवला (श्राद्धाच्या घरात कांदा! शेजारून आणला), दहा मिनिटांत सावरले. पण त्या दहा मिनिटांत माझा मुलगा दारात उभा राहून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर वर्षभर माझ्या मागे लागली. तो अंबडच्या कारखान्यात नोकरीला. तोंडाने काही बोलत नाही, कोष्टक करून आणतो.

कोष्टकात पहिला प्रश्न होता कूलर की एसी. मी अर्थात कूलरच्या बाजूने. नाशिकची चैत्र-वैशाखातली हवा कोरडी. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं तर निम्मं काम होतं, कूलर म्हणजे त्याच ताटीला लावलेला पंखा. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून हवा गार. पण हवा आधीच ओली असेल तर पाणी वाफ होणार कशी? आणि आमची खरी गर्दी सिंहस्थाची. २०१५ च्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरात होत्या, २०२७ च्याही ऐन पावसाळ्यातच. त्या दिवसांत कूलर म्हणजे ओल्या घोंगडीवर आणखी पाणी. माणसं एकवेळ सोसतील, नामावळ्यांना बुरशी लागेल.

इथे मुलाने हुकमाचं पान टाकलं. म्हणाला, "बाबा, एसीचा शोध माणसासाठी लागलाच नाही. कागदासाठी लागला." १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा, एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतली ओल काढून घेणारं यंत्र बसवलं. हवा गार झाली ती ओघाने. मला पळवाट मिळाली. एसी माझ्यासाठी नाहीच, तो पूर्वजांच्या सह्यांसाठी आहे, असं मी घरात दोन दिवस सांगत फिरलो. आईने तिसऱ्या दिवशी विचारलं, "मग तू बाहेर बसणार आहेस का?"

कॉलेज रोडवरच्या दुकानात मी पहिल्यांदा विचारलं की हा टन कसला. वजन तर वाटत नाही. विक्रेत्या पोराला सांगता येईना, मुलाने सांगितलं: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता त्याच चोवीस तासांत खोलीतून बाहेर काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचा एसी. साडेतीन हजार वॉट. बर्फाच्या लाद्या विकायचे तेव्हाचं माप अजून चालू आहे. मला हे आवडलं. आमच्या धंद्यात तर सगळीच मापं तेव्हाची.

मग हिशेब. बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो. श्राद्धाला कुटुंब येतं, वीस माणसं धरली तर दोन हजार वॉट, म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त नुसते जिवंत असण्याबद्दल. पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब यांचं वेगळं. आणि होम? मुलाने विचारलं, "तासाला समिधा किती जातात?" मी म्हटलं, शेण्या-बिण्या धरून किलोभर. त्याने मोबाइलवर आकडे मारले. वाळलेल्या लाकडाचा एक किलो तासाभरात जाळला तर चार हजार वॉटच्या वर जातं. "म्हणजे बाबा, तुमचा अग्नी सव्वा टनाचा आहे."

दुकानातला पोरगा हे ऐकत होता. त्याने फार आदराने विचारलं, "काका, एकाच खोलीत होम पण आणि एसी पण?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही फारसं नाही. साध्या स्प्लिट एसीत बाहेरची हवा आत येतच नाही, आतलीच हवा फिरून फिरून गार होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दारं बंद करून आत अग्नी पेटवला तर धूर कॉइलवर बसेल आणि त्याआधी यजमानांच्या छातीत बसेल. होम गच्चीवर पत्र्याखाली न्यायचा, असं तिथेच काउंटरवर ठरलं. अग्नीची स्थापना कुठे करायची हे ठरवायला मी शास्त्रात मुहूर्त आणि दिशा बघतो. यावेळी एका विक्रेत्या पोराने सांगितलं आणि त्याचं बरोबर होतं.

स्टार, इन्व्हर्टर, तांब्याची कॉइल यात मी फार वेळ घालवला नाही. ज्याला रोज सात-आठ तास चालवायचा त्याने पाच स्टार घ्यावा, ज्याला वर्षातून दोन महिने रात्रीचा लागतो त्याला तीन पुरे. जास्तीचे पैसे विजेतून फिटले पाहिजेत, नाहीतर ते नुसते तारे. गरजेपेक्षा मोठाही घेऊ नये. मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि ओल काढायच्या आधीच दम खातो, मग खोली गार पण चिकट. गॅसचं मात्र विचारलं. जुना आर-२२ ओझोनच्या थराला भोक पाडणारा, तो गेला. हल्लीचा आर-३२ ओझोनला काही करत नाही, पण गळून हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवतो. म्हणजे थंडावा देणाऱ्या यंत्राच्या पोटातली वस्तू बाहेर सांडली तर जग तापतं. पुराणात अशा राक्षसाची गोष्ट शोभली असती. घाईने घेतला हेही सांगून टाकतो. सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला.

पैसे हप्त्याने. हप्त्याच्या कागदावर सही करताना मला पांडवलेण्यांतला उषवदात आठवला. दहाव्या लेण्यात त्याचा लेख आहे. क्षत्रप नहपानाचा हा जावई, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापणं ठेवली, महिना शेकडा एक व्याजाने. वर्षाचे दोनशे चाळीस होतात, त्यातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चिवरासाठी. हिशेब चोख. पण मला तो आठवला दुसऱ्या कारणासाठी. त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात त्याच्या दानांची मोठी यादी आहे: धर्मशाळा, विहिरी, तळी, नद्यांवर फुकट होड्या, आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर पाणपोया. पाणपोई! ज्याच्या सासऱ्याचं राज्य समुद्रापर्यंत होतं, त्याला डोंगरात कायमचं कोरून ठेवावंसं वाटलं ते वाटसरूला पाजलेलं पाणी.

आता तितिक्षा. वेदपाठशाळेत आम्हाला वेदान्ताची तोंडओळख करून देणारे गुरुजी होते. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान ही सहा संपत्ती ते बोटांवर मोजायचे आणि तितिक्षेवर आले की बोट तसंच धरून ठेवायचे. सोसणं म्हणजे तितिक्षा नव्हे, म्हणायचे. सोसावं तर सगळ्यांनाच लागतं. उपाय न शोधता, काळजी न करता, कुरकुर न करता सोसलं तर ती तितिक्षा. आम्ही दहा-बारा वर्षांची पोरं, मे महिन्यात सोवळ्याचा पंचा घामाने पाठीला चिकटलेला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही भगवंत अर्जुनाला हेच सांगतात: थंडी-ऊन येतं-जातं, सोस. गुरुजींच्या खोलीत पंखा नव्हता. होता, पण लावत नसत.

त्या व्याख्येने पाहिलं तर एसी घेणारा नापास. पंखा लावणाराही नापास आणि छत्री उघडणाराही. मी चाळीस वर्षं श्राद्धं लावतोय, आणि इथेच माझी गोची होते. कारण मी ज्या हाताने तितिक्षा शिकलो, त्याच हाताने यजमानाकडून पददान सोडवतो. पददानात काय असतं? छत्री, चपला, आसन, पाण्याचं पात्र. कशासाठी? गरुडपुराणातली यमाची वाट तापलेली आहे. मेलेल्या माणसाला वाटेत ऊन लागू नये, पाय भाजू नयेत, घशाला कोरड पडू नये. म्हणजे ज्याला देहच उरला नाही, त्याचे पाय पोळतील याची काळजी वाहणारा आमचा धर्म! त्याला कुणी म्हणत नाही की बाबा, तितिक्षा ठेव. अक्षय्य तृतीयेला उदककुंभ द्यायचा, पंखा द्यायचा. चैत्रगौरीला पन्हं आणि कैरीची डाळ. पंढरीला पाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी. महादेवावर उन्हाळाभर गळती टांगलेली. जो स्वतः विष पचवतो, त्याच्या डोक्यावरही थेंब थेंब पाणी.

तितिक्षा हा शब्द फक्त स्वतःला उद्देशून वापरायचा आहे, हे मला इतक्या उशिरा कळावं याची लाज वाटते. सत्तरीच्या यजमानाला 'दोन तास सोसा हो' म्हणताना मी गुरुजींचा शब्द चुकीच्या विभक्तीत वापरत होतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जैन दुकानदार आहेत, माझ्याहून थोडे मोठे. म्हसरूळला गजपंथावर मुनी आले की दुकान मुलावर टाकून जातात. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, आमचे महाराज तर पंखासुद्धा लावत नाहीत, पण उकाडा सोसायचा म्हणून नव्हे फक्त. बावीस परीषहांत ऊन आहे, थंडी आहे, ते तर सोसायचेच. पण वारा हाही जीवच, वायुकाय. पंख्याच्या पात्याने तो मारला जातो. माझ्या सुखासाठी कुणाला तरी त्रास होतो, तो दिसत नाही एवढंच. मग क्षणभर थांबून म्हणाले, "माझ्या दुकानात दोन टनाचा आहे हं. मी महाराज नाही."

मिस्तरी एसी बसवायला आले ते रमजानच्या शेवटच्या दिवसांत. पाडवा दोन दिवसांवर. भद्रकालीत राहणारे, चाळिशीचे, सोबत एक हरकाम्या पोरगा. त्यांनी कॉइलचा खोका फोडायच्या आधी विचारलं, "आउटडोअर कुठे?"

हा प्रश्न मुलाच्या कोष्टकात नव्हता. टन, तारे, गॅस, हप्ता सगळं होतं. खोलीची मागची खिडकी चार फुटी बोळात उघडते. तिथेच खाली ब्रॅकेट मारायची, कंपनीचा तीन मीटरचा पाइप पुरतो, जास्तीचा खर्च शून्य. बोळाच्या पलीकडे मागच्या इमारतीतल्या मावशींच्या स्वयंपाकघराची खिडकी. मावशी एकट्या. डबे करतात, सकाळी सहापासून त्यांचा मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या हे माझ्या संध्येचं पार्श्वसंगीत.

मिस्तरींनी खिडकीतून वाकून बघितलं. म्हणाले, "इथे लावला तर समोर भट्टी होईल, गुरुजी. लावतात सगळे. मी सांगायचं काम केलं."

मग त्यांनी जे समजावलं ते मी कुठल्या भाष्यात वाचलं नव्हतं. एसी थंडी तयार करत नाही. थंडी तयार करता येतच नाही, जगात ती वस्तूच नाही. एसी फक्त इथली गरमी उचलतो आणि तिकडे टाकतो. आणि टाकतो ती उचलली त्याहून जास्त. आतली पाच हजार वॉट बाहेर न्यायला तो स्वतः दीड हजार वॉट वीज खातो, तीही गरमीच होऊन बाहेर पडते. तिकडे साडेसहा हजार. "हमाल आहे तो," मिस्तरी म्हणाले, "आणि हमालाची मजुरी पण समोरच्याच्या अंगावर."

आम्ही कर्माबद्दल हेच सांगतो. ते नाहीसं होत नाही, भोगल्याशिवाय सरत नाही. फक्त आम्ही असं गृहीत धरतो की ते ज्याचं त्याच्याच खात्यावर पडतं. इथे माझा उकाडा बोळ ओलांडून मावशींच्या खात्यावर जाणार होता, व्याजासकट, आणि मधे ना चित्रगुप्त ना नामावळी.

हे एवढं उमगूनही मी लगेच 'गच्चीवर लावा' म्हणालो असं समजू नका. गच्चीवर न्यायचं तर वळसा घालून अकरा मीटर जादा पाइप, मीटरला हजाराच्या आसपास, वर जादा गॅस, आणि पाइप लांबला की थंडावा थोडा कमी. मी गप्प होतो. मनात अकराला हजाराने गुणत होतो. तेवढ्यात आवाज ऐकून मावशी खिडकीशी आल्या, हाताला पीठ. "एसी घेताय होय गुरुजी? बरं झालं बाई, आईंना बरं पडेल हो." आणि आत गेल्या.

माझ्या पददानाच्या चाळीस वर्षांची किंमत अकरा हजार रुपये होती आणि मी घासाघीस करत होतो.

गच्चीवर ब्रॅकेट मारली. दुपारी दीडचं ऊन. कठड्याच्या बाहेर अर्धं अंग काढून मिस्तरी पाइपाला पट्टी गुंडाळत होते, कमरेला पट्टा, पट्ट्याचं टोक हरकाम्याच्या हातात. शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा, कडेने मीठ फुटलेलं. मी कोकम सरबताचा पेला घेऊन वर गेलो आणि पुढे केल्यावर आठवलं. "रोजा आहे, गुरुजी," ते म्हणाले. मी ओशाळलो. म्हटलं, अहो मग हे काम आजच का? "सीझन आहे. आणि परवा-तेरवा ईद, पोरांचे कपडे." पट्टी गुंडाळता गुंडाळता, माझा ओशाळेपणा जावा म्हणूनच बहुधा, त्यांनी सांगितलं की रमजान हा शब्दच अरबीत तापण्याशी, पोळण्याशी नात्याचा आहे, मदरशात ऐकलेलं. मी पेला हातात धरून उभा. उपाय न शोधता, काळजी न करता, कुरकुर न करता. व्याख्या माझी पाठ होती. पेला हरकाम्या पोराने घेतला, तो म्हणे आजारी होता म्हणून त्याने रोजा सोडला होता.

चार वाजता एसी सुरू झाला. मिस्तरींनी रिमोट चोविसावर ठेवून माझ्या हातात दिला. २०२० पासून नवे एसी चालू होतानाच चोविसावर येतात, सरकारचाच नियम; एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. मी सत्तावीस केला आणि पंखा लावला. आता वह्याही खूश आहेत आणि यजमानही. काही यजमान अठरा करा म्हणतात. मी त्यांना रिमोट देत नाही. एवढीशी तितिक्षा दुसऱ्यावर लादतो, ती वीज बिलाच्या नावाखाली.

आईने मात्र वेगळीच शंका काढली. आतल्या युनिटमधून निघणारं पाणी बादलीत जमतं, श्रावणात तर दिवसाला बादली भरते. तिने विचारलं, "हे पाणी कुणी भरलं?" म्हटलं, कुणीच नाही, हवेतलं आहे, खोलीतल्या माणसांच्या श्वासातलंही असेल. तिने थोडा वेळ विचार केला. पूजेला नाही, म्हणाली, पण तुळशीला चालेल. परदेशातून आलेल्या यजमानांचा श्वास आमच्या तुळशीला जातो, आणि ती बरी वाढते आहे.

गच्चीवर हलवलं म्हणजे प्रश्न मिटला असं मुलगा समजतो. गच्चीवर कोण राहतं, म्हणतो. २०१६ च्या एप्रिलात रामकुंड कोरडं पडलं होतं आणि त्याच वर्षी ऑगस्टात दुतोंड्या बुडाला. या शहराची हवा कुणी आणि किती गच्च्यांवरून तापवली याचा हिशेब कुठल्या बाडात लिहायचा? पण ते मोठं झालं. माझं छोटं आहे.

गच्चीच्या नैर्ऋत्येला कठड्यावर आम्ही काकबली ठेवतो. वाडा होता तेव्हा कौलांवर ठेवायचो, नंतर इथे. दक्षिणेची बाजू, मोकळं आभाळ, समोर लिंबाचं झाड. वर्षानुवर्षं पान ठेवलं की कावळा हजर. आता आउटडोअर तिथून सहा फुटांवर आहे, कारण तिथेच सावली होती आणि सावलीत यंत्र कमी दमतं. एसी चालू असला की त्या कोपऱ्यात उष्ण वारा भसाभस येतो. परवा एका तिथीला पान ठेवलं. यजमान खाली गार खोलीत चाळीस मिनिटं निवांत बसले होते, आता हात जोडून वर उन्हात उभे. कावळा लिंबावर आला. मान तिरकी करून पानाकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. उडाला, फेरी मारली, परत लिंबावर. यजमानांच्या चेहऱ्यावर ते दिसू लागलं, जे दहाव्याच्या घाटावर दिसतं: आई कशावर अडलीय, काय राहिलं तिचं?

मी जिन्यात तोंड घालून मुलाला ओरडून सांगितलं, एसी बंद कर. पातं घरघरत थांबलं. वारा पडला. आम्ही दोघं घाम पुसत लिंबाकडे बघत राहिलो.